माळाची कैफियत : विधिमंडळातील प्रश्न आणि सोलापूरची जमीन

महाराष्ट्राच्या विधिमंडळात छापील यादीवर येणारा जवळजवळ प्रत्येक तारांकित प्रश्न ज्या चार शब्दांभोवती रचलेला असतो, ते शब्द म्हणजे 'हे खरे आहे काय'. अमुक तालुक्यातील अमुक गावची जमीन अमुक प्रयोजनासाठी देण्यात आली, हे खरे आहे काय. असल्यास, त्या प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय. असल्यास, तदनुसार कोणती कार्यवाही करण्यात आली. आणि नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत : अशा त्या ठरीव पायऱ्या असतात. उत्तरांचेही साचे ठरलेले आहेत. 'हे खरे आहे', 'हे अंशतः खरे आहे', 'हे खरे नाही', आणि या सर्वांच्या शेवटी येणारे, प्रश्नाची वाट कायमची बुजवून टाकणारे ते वाक्य, 'प्रश्न उद्भवत नाही'. या रुक्ष साच्याकडे पाहून सामान्य वाचकाला असे वाटणे स्वाभाविक आहे की, हा सारा दप्तरी व्यवहार असून त्याचा आपल्या शेताशी, पाण्याशी आणि गावच्या माळाशी काडीचाही संबंध नाही. हा समज दूर करणे हे या प्रस्तावनेचे प्रयोजन आहे. राज्यकर्त्याला जमिनीविषयी गोलमोल बोलण्याची मुभा सभेत असते, जाहीरनाम्यात असते, उद्घाटनाच्या भाषणातही असते; परंतु लेखी प्रश्नाच्या उत्तरात त्याला गावाचे नाव, क्षेत्र आणि तारीख द्यावी लागते, आणि दिलेले उत्तर चुकीचे ठरले तर त्याचा जाब त्याच सभागृहात द्यावा लागतो. लोकशाहीतील नागरिकाच्या हाती जमिनीसंबंधी जी थोडी शस्त्रे आहेत, त्यांतील हे एक आहे. आणि ते बहुधा म्यानातच गंजत पडते.

हा विषय मांडण्यासाठी सोलापूर जिल्हा निवडला, त्यामागे केवळ आपल्या मुलखाविषयीची ममता नाही. सह्याद्रीच्या पर्जन्यच्छायेत वसलेला, वर्षाकाठी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास आणि तोही बेभरवशाचा पाऊस घेणारा हा जिल्हा म्हणजे जमिनीच्या वापरासंबंधीच्या सर्व वादांचे जणू एक संक्षिप्त पुस्तकच आहे. एका अंगाला मंगळवेढ्याची काळी, खोल, मालदांडी ज्वारी पिकवणारी जमीन, तर दुसऱ्या अंगाला नांगराला दाद न देणारा मुरमाड माळ. एका बाजूला १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा सुमारे ११७ अब्ज घनफुटांचा जलाशय आणि त्याच्या कालव्यांवर वाढलेला ऊस, तर दुसऱ्या बाजूला सांगोला तालुक्यातील मेंढरांच्या कळपामागे पाण्यासाठी वणवण फिरणारा धनगर. जमीन एकाच जिल्ह्यातील. पण तिच्याविषयीचे कायदे, तिच्यावरचे हक्क आणि तिच्या वाट्याला आलेले न्याय मात्र निरनिराळे.

जमिनीविषयी सरकारला प्रश्न विचारण्याची आपल्याकडील परंपरा स्वातंत्र्याच्या आधीची आहे, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. १८९२ च्या कायद्याने कायदेकौन्सिलांतील सभासदांना सरकारास प्रश्न विचारण्याचा हक्क प्रथम मिळाला. तोही असा की, मिळालेल्या उत्तरावर उपप्रश्न विचारण्याची सोय नव्हती. १९०९ च्या कायद्याने मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्नाची परवानगी मिळाली, आणि १९१९ च्या सुधारणांनंतर ती इतर सभासदांनाही लाभली. म्हणजे एक साधा उपप्रश्न सर्वांना विचारता येण्यासाठी सत्तावीस वर्षे खर्ची पडली. या हक्काच्या बाल्यावस्थेतच, १९०१ साली, मुंबई सरकारने जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती करणारा मसुदा आणला. नुकताच महादुष्काळ होऊन गेला होता. शेतसारा थकल्यामुळे ज्या जमिनी सरकारजमा झाल्या होत्या, त्या पुन्हा कुणब्यांना देताना विक्री वा गहाण टाकण्याचा अधिकार काढून घ्यावा, म्हणजे त्या सावकाराच्या घशात जाणार नाहीत, असा सरकारचा युक्तिवाद होता. हेतू वरकरणी कल्याणाचा होता. परंतु ज्याच्या नावाने हे कल्याण करावयाचे, त्या रयतेला काहीही न विचारता, आणि मसुद्याचा पुरेसा विचार होऊ न देता, तो पुढे रेटला जात आहे, हे पाहून फिरोजशहा मेहता, गोपाळ कृष्ण गोखले आणि त्यांचे काही सहकारी सभात्याग करून निघून गेले. सोलापूरकरांना हा विषय नवा नव्हता. सावकारांविरुद्धच्या दख्खनच्या दंग्यांनंतर १८७९ साली आलेला शेतकरी साहाय्य कायदा ज्या चार जिल्ह्यांना प्रथम लागू झाला, ते पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर होते. जमीनधारकाच्या भल्यासाठी त्याच्या हक्काला मर्यादा घालणे आणि ती मर्यादा त्याला नीट न समजावणे, हा प्रकार या मुलखाने पिढ्यान्पिढ्या अनुभवलेला आहे. याची आठवण ठेवूनच पुढील शंभर वर्षांनंतरची हकीकत वाचावी.

त्या हकीकतीकडे वळण्यापूर्वी शब्दांविषयी थोडे बोलणे आवश्यक आहे. कारण जमिनीवरचे अन्याय बहुधा शब्दांतून सुरू होतात. इंग्रजी अमदानीतील मुंबई इलाख्याची मोजणी व जमाबंदी १८३६ साली शेजारच्या इंदापुरात सुरू झाली, आणि तेथील पद्धत लवकरच सोलापुरातही आली. मोजणी कामगारांच्या कष्टांविषयी आदर बाळगूनही हे मान्य करावे लागते की, त्या पद्धतीचा डोळा सारा कोठून निघेल, एवढेच पाहण्यासाठी घडवलेला होता. जेथून सारा निघतो ती जिरायत वा बागाईत. जेथून निघत नाही ती पड, पोटखराब, माळ. दप्तराला गवत दिसत नव्हते असे नाही. पण गवताला दप्तरात किंमत नव्हती. गावाची गुरे ज्यावर जगतात ते गायरान तेवढे वेगळे नोंदले गेले, आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमानेही गुरचरणासाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद कायम ठेवली. तरीसुद्धा मूळची दृष्टी बदलली नाही. आजही सरकारी भाषेत 'पडीक' हा शब्द उच्चारला गेला की ऐकणाऱ्याच्या मनात प्रथम विचार येतो तो हा की, ही जागा रिकामी आहे, हिच्यावर काहीतरी करून दाखवले पाहिजे.

ती रिकामी नसते. सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याने निघून नान्नजच्या माळावर भाद्रपदात पहाटे उभे राहावे. पवन्या आणि कुसळी ही गवते गुडघ्याला लागत असतात. चंडोल हवेत सरळ वर चढून गात असतो. काळविटांचा कळप दूर एका रेषेत स्तब्ध उभा असतो. आणि नशिबात असेल तर खोकडाची जोडी किंवा एखादा लांडगा उतारावरून ओढ्याकडे जाताना दिसतो. थंडीत मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशांतून भोवत्या ससाणे येथे मुक्कामाला येतात. या माळाचा पूर्वापारचा अधिपती मात्र माळढोक. मीटरभर उंचीचा, पंधरा किलोपर्यंत वजनाचा, उडू शकणाऱ्या जगातील सर्वांत जड पक्ष्यांपैकी एक. विणीच्या दिवसांत गळ्याची पिशवी फुगवून दूरवर ऐकू जाईल असा हुंकार देणारा. आणि वर्षाला बहुधा एकच अंडे, तेही घरटे न बांधता उघड्या जमिनीवर घालणारा. उघडी जमीन हेच ज्याचे घर, त्याच्या घराची नोंद दप्तरात 'पड' अशी असावी, ही या विषयातील मूळ व्यथा आहे.

१९७९ साली राज्य शासनाने या पक्ष्याच्या रक्षणासाठी सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत मिळून जवाहरलाल नेहरू माळढोक पक्षी अभयारण्य घोषित केले. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा, कर्जत, श्रीगोंदा आणि नेवासा या तालुक्यांत पसरलेल्या या अभयारण्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते. संपूर्ण सोलापूर जिल्ह्याचे क्षेत्र सुमारे १४,९०० चौरस किलोमीटर आहे, एवढे लक्षात घेतले म्हणजे त्या रेषेची व्याप्ती ध्यानात येते. तिच्या आत माळ होते, तसे गावे, पेठा, विहिरी, फळबागा आणि पिढीजात वहिवाटीची शेतेही होती. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ याच्या विसाव्या कलमानुसार, अशी अधिसूचना निघाल्यानंतर त्या हद्दीतील जमिनीवर वारसाहक्काखेरीज अन्य कोणत्याही मार्गाने नवा हक्क संपादन करता येत नाही. मात्र त्याच कायद्याने जिल्हाधिकाऱ्यावर हेही कर्तव्य सोपवले आहे की, त्याने जाहीरनामा काढून प्रत्येक हक्कदाराची कैफियत ऐकावी, हक्कांचा निर्णय करावा, आणि जेथे जमीन घ्यावयाची तेथे मोबदला द्यावा. कायद्याचा पूर्वार्ध अधिसूचनेच्या दिवशीच अमलात येतो. उत्तरार्धाला मात्र मनुष्यबळ, पैसा आणि इच्छा लागते. देशभरात ही चौकशी इतकी रेंगाळली की १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाला ती एका वर्षात संपवण्याचे आदेश राज्यांना द्यावे लागले.

परिणाम काय झाला, हे या भागातील कोणताही खातेदार सांगू शकेल. मुलीच्या लग्नासाठी दोन एकर विकायला निघालेल्याचे खरेदीखत अडले. बिनशेती परवानगीचे अर्ज पडून राहिले. रस्ता, कारखाना, वीजवाहिनी अशा कोणत्याही कामात अभयारण्याचे नाव निघू लागले. काळविटांनी तूर आणि ज्वारी खाल्ली तरी तो दोष लोकांच्या मनात माळढोकाच्याच नावावर जमा होऊ लागला. ज्या धनगराने आणि कोरडवाहू शेतकऱ्याने शेकडो वर्षे त्या पक्ष्याला आपल्या रानात सुखाने नांदू दिले होते, त्याच्या मनात त्याच्याविषयी कडवटपणा निर्माण झाला. जिल्ह्यातील लोकप्रतिनिधींनी पक्षभेद बाजूला ठेवून क्षेत्र कमी करण्याची मागणी लावून धरली, आणि अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या अनुमतीने २०१२ साली अभयारण्याचे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटर, म्हणजे मूळच्या सुमारे सातव्या हिश्श्याइतके, उरले. तेहतीस वर्षांनी रेषा मागे आली. पण तोवर पक्षीही मागे हटत हटत जवळजवळ दिसेनासा झाला होता. १९८० च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या असद रहमानी यांनी ज्या नान्नजला माळढोकाचा तपशीलवार अभ्यास केला, तेथे त्याचे दर्शन आता दुर्मीळ भाग्य मानले जाते. आंतरराष्ट्रीय यादीत २०११ पासून तो अतिसंकटग्रस्त गणला जातो, आणि देशात उरलेल्या दीडशेहून कमी पक्ष्यांपैकी बहुतेक राजस्थानात आहेत.

या हकीकतीचा अर्थ सामान्यतः दोन प्रकारे लावला जातो. एक पक्ष म्हणतो, पक्ष्याच्या पायी माणसाचे नुकसान झाले. दुसरा म्हणतो, माणसाच्या हावेपायी पक्षी गेला. प्रस्तुत लेखकाचे नम्र मत असे आहे की, दोघांचेही नुकसान एकाच कारणाने झाले, आणि ते कारण म्हणजे योग्य प्रश्न योग्य वेळी विचारला गेला नाही. रेषा आखली जात असतानाच जर कोणी गावागणिक विचारले असते की, या हद्दीत खरा गवताळ माळ किती, वनखात्याचा किती, महसुलाचा किती, गायरान किती आणि पिकाखालची खाजगी शेती किती, तर मुळातच एक आटोपशीर, राखता येण्याजोगे क्षेत्र निश्चित झाले असते. शेतकरी सुटला असता आणि माळ वाचला असता. उलट, क्षेत्र कमी करा ही मागणी होत असतानाही, जे क्षेत्र उरेल त्यातील गवताचे काय करणार, हा प्रश्न त्याच तळमळीने विचारला गेला पाहिजे होता. उजनीचे पाणी आले, ज्वारीच्या जागी ऊस उभा राहिला. भुईमूग, करडई आणि हरभरा यांच्या मिश्र शेतांत चरणाऱ्या पक्ष्याला उसाच्या फडात स्थान नव्हते. उरलेल्या माळावर वनीकरणाच्या सद्हेतूने झाडे लावण्यात आली, आणि दूरवर नजर टाकूनच ज्याला सुरक्षित वाटते, त्या पक्ष्याच्या दृष्टीने त्या झाडांनी क्षितिजच हिरावून घेतले. झाड लावणे म्हणजे पुण्य, ही आपली श्रद्धा. पण माळाच्या बाबतीत ती श्रद्धा अपुऱ्या ज्ञानावर उभी होती. या दोन्ही बदलांविषयी सभागृहात प्रश्न विचारणे शक्य होते. कारण दोन्ही शासनाच्या खर्चाने आणि शासनाच्या हुकमाने घडत होते.

प्रश्न विचारणे म्हणजे गर्जना करणे नव्हे, हे शिकण्यासाठी सोलापूर जिल्ह्याला दूर जाण्याचे कारण नाही. १९६२ साली सांगोल्यातून प्रथम निवडून आलेले शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख अकरा वेळा विधानसभेत गेले. १९७२ आणि १९९५ चे दोन पराभव सोडले, तर अर्ध्या शतकाहून अधिक काळ त्यांनी एकाच दुष्काळी तालुक्याची बाजू मांडली. जुलै २०२१ मध्ये, वयाच्या चौऱ्याण्णव्या वर्षी, ते गेले. आयुष्याचा बहुतेक काळ विरोधी बाकावर बसलेल्या या माणसाने कोरड्या जमिनीला पाणी हा एकच धागा सोडला नाही. त्यांच्या कारकिर्दीचे स्मरण येथे गौरवासाठी करीत नाही. त्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. जमिनीच्या प्रश्नाचे आयुष्य एका अधिवेशनाचे नसते. सरकारे बदलतात, मंत्री बदलतात, सचिव बदलून जातात. तोच प्रश्न नव्या आकड्यांनिशी पुन्हा विचारणारा सभासद टिकला, तरच तो प्रश्न टिकतो.

साधनांची उणीव नाही. तारांकित प्रश्नाला उपप्रश्नांची जोड असते. तेवढ्याने भागले नाही तर अर्धा तास चर्चा मागता येते. तातडीच्या सार्वजनिक महत्त्वाच्या बाबीवर लक्षवेधी सूचना देता येते. आणि मंत्र्याने सभागृहात 'करू' म्हणून सांगितलेल्या गोष्टी पुऱ्या झाल्या की नाही, हे पाहण्यासाठी आश्वासन समिती असते. अर्थसंकल्पावरील चर्चेत वनखात्याच्या मागणीवर कपातसूचना देऊन गवताच्या संवर्धनासाठी किती रुपये ठेवले, हेही विचारता येते. प्रश्न जितका नेमका, तितके उत्तर टाळणे कठीण. 'सोलापूर जिल्ह्यातील पर्यावरणाचा ऱ्हास होत आहे, हे खरे आहे काय' असे विचारणाऱ्याला 'हे खरे नाही' असे तीन शब्दांत वाटेला लावता येते. परंतु एखाद्या गावच्या गायरानाचा गट क्रमांक, मूळ क्षेत्र, गेल्या दहा वर्षांत त्यातून कोणत्या आदेशाने किती हेक्टर कोणाला दिले गेले, आणि त्या बदल्यात गुरांसाठी पर्यायी चराई कोठे दिली, असे विचारले म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयापासून तलाठ्याच्या सज्जापर्यंत दप्तर उघडावेच लागते. प्रश्नाचे अर्धे कार्य त्या दप्तर उघडण्यातच साधलेले असते.

आज हे सारे पूर्वीपेक्षा अधिक निकडीचे झाले आहे. सार्वजनिक गायरानांवरील अतिक्रमणांबाबत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात राज्यांना कठोर शब्दांत बजावले. दुसरीकडे, शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी या अत्यंत रास्त उद्देशाने चाललेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेसाठी सरकारी व गायरान जमिनी दिल्या जात आहेत. सौरवीज हवी, यात शंका नाही. रात्री-अपरात्री पाणी धरायला जाऊन सर्पदंश होणाऱ्या शेतकऱ्याचे दुःख या जिल्ह्याइतके कोण जाणतो? परंतु कोणत्या माळावर सौरपत्रे उभारावेत आणि कोणता माळ मोकळा ठेवावा, हा निर्णय 'पडीक' या एका शब्दाच्या आधारे होऊ नये. राजस्थान-गुजरातमधील माळढोक आणि वीजवाहिन्या यांचा हाच झगडा सर्वोच्च न्यायालयात गेला. २०२१ साली वाहिन्या जमिनीखालून नेण्याचा आदेश झाला, आणि मार्च २०२४ मध्ये तो सौम्य करून तज्ज्ञांची समिती नेमताना न्यायालयाने हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण मिळण्याचा नागरिकाचा हक्कही मान्य केला. पक्षी आणि स्वच्छ वीज, दोन्ही श्रेयस्कर. त्यांतून वाट काढण्याचे काम न्यायालयावर पडले, कारण विधिमंडळांत ते वेळेवर झाले नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष गवताळ प्रदेश आणि पशुपालक यांच्यासाठी घोषित केले आहे. सांगोल्याच्या मेंढपाळाला त्याची वार्ता कळो वा न कळो, पण त्याच्या वाटेतील माळ कोणाच्या नावावर चढला, हे त्याच्या आमदाराला कळलेच पाहिजे.

पुढील पृष्ठे वाचताना वाचकाने एवढेच मनात बाळगावे की, या विषयात शेतकरी आणि माळ हे परस्परांचे प्रतिवादी नाहीत. दोघेही एकाच दप्तरातील वादी आहेत; दोघांचीही कैफियत नोंदवून घेतली गेली नाही, एवढेच. सभागृहात प्रश्न विचारणारा सभासद आपणहून ती कैफियत शोधत येईल, अशी अपेक्षा करीत बसू नये. त्याच्या हाती गट क्रमांक आणि आकडे आपणच दिले पाहिजेत. म्हणून या प्रस्तावनेच्या शेवटी एक विनंती. हे पुस्तक मिटल्यावर गावच्या चावडीवर जावे, गायरानाचा सातबारा आणि त्यावरचे जुने-नवे फेरफार मागून घ्यावेत, आणि तो कागद हातात धरून प्रत्यक्ष त्या जमिनीवर एकदा चालत जावे. कागदावर जे लिहिले आहे आणि पायाखाली जे आहे, त्यांत जेथे अंतर दिसेल, तेथे प्रश्न उद्भवतो.

सोलापूर